त्याचं बोलणं, आपला कान

२०२५च्या पोळ्याला मी गावी होते. मंगरूळपीर तालुक्यातलं आमचं गाव, जिल्हा वाशिम. बैल धुऊन, शिंगं रंगवून झाली होती. पुरणपोळीचं जेवण झालं होतं आणि बैल तोरणाखाली न्यायला संध्याकाळ व्हायची होती. तेवढ्या वेळात ओसरीवर तांब्याला मोबाईल टेकवून आम्ही ‘सितारे ज़मीन पर’ लावला. ऑगस्टपासून तो यूट्यूबवर शंभर रुपये भरून पाहता येत होता. एक फोन आणि आम्ही सहा जण.

सहावा दादा. माझा मोठा चुलतभाऊ, वय छत्तीस. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. घरात सगळे त्याला दादाच म्हणतात, गाव त्याला ‘भोया’ म्हणते. भोया म्हणजे भोळा. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सिनेमात एका खेळाडूचं वाक्य काकांना कळलं नाही. त्यांनी बोटानं सिनेमा दहा सेकंद मागं नेला. तरी कळलं नाही, म्हणून पुन्हा नेला. दुसऱ्या वेळेला कळलं आणि सगळे हसले. मग कुणीतरी म्हणालं, “किती गोड बोलते पोरगं.” त्याच अडीच तासांत दादा तीनदा काहीतरी बोलला. पडद्याकडं बोट करून, आमच्याकडं पाहून बोलला. ‘काय म्हणतोस’ असं त्याला कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

हा लेख त्या मागं नेलेल्या दहा सेकंदांबद्दल आहे. ज्यांना बोलायला कठीण जातं अशा माणसांना आपल्या नाटक-सिनेमानं कसं बोलायला लावलं, आणि ते ऐकताना आपल्या कानाला काय सवय लागली, एवढंच मला तपासायचं आहे.

आधी शब्दांचा घोळ

‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्द आपल्याकडं घरोघरी नेला तो २००७च्या ‘तारे ज़मीन पर’नं. त्यातल्या ईशानला अक्षरं नाचताना दिसतात. त्याला डिस्लेक्सिया आहे, बाकी बुद्धी शाबूत, चित्रकला तर अफाट. त्यामुळे आपल्या डोक्यात या शब्दाचा अर्थ ‘वाचता न येणारा हुशार मुलगा’ असा बसला. ब्रिटनमध्ये हाच शब्द वेगळ्या अर्थानं वापरतात. ज्याला आपण कालपर्यंत सरळ मतिमंद म्हणत होतो आणि आता बौद्धिक अक्षमता म्हणतो, ती अवस्था त्यांना अभिप्रेत असते. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि वाचा व भाषा अक्षमता या तीन गोष्टी वेगवेगळ्या दिल्या आहेत. माणसाच्या आयुष्यात मात्र त्या एकमेकींत मिसळलेल्या असू शकतात.

‘स्पीच थेरपी’ म्हटलं की आपल्यासमोर येतं ते आरशासमोर बसून ‘क, ख, ग’ म्हणणारं मूल. पण या कामाचं पूर्ण नाव वाचा आणि भाषा उपचार असं आहे, आणि त्यात दोन वेगळी कामं आहेत. ओठ, जीभ, टाळू, श्वास यांनी आवाज घडवणं ही वाचा. काय म्हणायचं आहे ते ठरवणं, शब्द शोधणं, दुसऱ्याचं समजून घेणं ही भाषा. दोन्ही मिळून साधायचा असतो तो संवाद, आणि त्यासाठी तोंडच लागतं असं नाही. बोट, चित्र, खूण, नजर यांनीही चालतं.

डाऊन सिंड्रोममध्ये हा फरक फार ठळक दिसतो. स्नायू सैल असतात, तोंडात जागा कमी असते, अनेकांना ऐकायलाही कमी येतं. त्यामुळे उच्चार अस्पष्ट होतात. पण बहुतेकांना जेवढं बोलता येतं त्याहून पुष्कळ जास्त समजतं. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं जास्त चांगलं लक्षात राहतं. म्हणजे बाहेर येणाऱ्या शब्दांवरून आतलं मोजायला गेलो, तर माप दरवेळी चुकणार. आपला सिनेमा नेमका या चुकलेल्या मापावर उभा आहे.

बच्चूबद्दल सगळे बोलतात

जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकातला बच्चू मराठी रंगभूमी विसरणार नाही. अतुल परचुरेंनी तो केला होता. त्याच कथेचं दळवींच्या कादंबरीतलं रूप म्हणजे ‘ऋणानुबंध’. त्यावरून प्रसाद ओक यांनी २०१७ मध्ये ‘कच्चा लिंबू’ केला. सिनेमा कृष्णधवल. रवी जाधव आणि सोनाली कुलकर्णी आईबाप, मनमीत पेम बच्चू. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि तो योग्यच होता.

काटदरे दांपत्य आळीपाळीनं नोकरी करतं. एक दिवसा, एक रात्री, म्हणजे बच्चूजवळ कुणीतरी राहील. नवरा-बायकोची भेट दारात. मुलगा वयात येतो आणि घर हादरतं. मराठी मध्यमवर्गाला हे पाहायला लावायची हिंमत दळवींकडं होती. माझ्या मोठ्या आईनं, म्हणजे दादाच्या आईनं, हा सिनेमा माझ्या फोनवर पाहिला आणि मध्येच उठून गेली. नंतर म्हणाली, “सारं खरं हाये.” कलाकृतीला याहून मोठी पावती काय असणार?

तरीही माझी एक तक्रार आहे. हे नाटक आणि हा सिनेमा बच्चूचा नाही, बच्चूमुळे खचणाऱ्या माणसांचा आहे. जे काही ताकदीचं बोललं जातं ते त्याच्याबद्दल, त्याच्या डोक्यावरून. बच्चूच्या तोंडातून येतं ते हाक, हट्ट, किंकाळी, हसू. ‘आमच्यानंतर याचं काय?’ हा प्रश्न अशा प्रत्येक घरात असतो, आमच्याही आहे. तो प्रश्न ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापर्यंत कधीच पोचत नाही. दळवींनी ज्या काळात लिहिलं त्या काळात बच्चूशी असं बोलता येतं हे फार कुणाला माहीत नव्हतं, हे खरं. पण २०१७ मध्ये तसं नव्हतं. सिनेमानं प्रकाशयोजना नवी आणली, अभिनय नवा आणला, बच्चूचं मुकेपण मात्र जुनंच ठेवलं.

‘कच्चा लिंबू’ हे नाव तर फार नेमकं आहे. खेळात लहानग्याला घेतात, तो पळतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही, तो आऊट होत नाही. तो खेळात असतो पण मोजला जात नाही. आमच्या ओसरीवर दादा असाच होता, सहावा.

नंदूचं सगळं कळतं

१९९१चा ‘चौकट राजा’ आजही टीव्हीवर लागला की आमचं घर थांबतं. दिग्दर्शन संजय सूरकर यांचं, निर्मिती स्मिता तळवलकर यांची. दिलीप प्रभावळकरांचा नंदू, सुलभा देशपांडेंनी केलेली त्याची आई. लहानपणीच्या अपघातात नंदूच्या मेंदूला इजा झाली आणि तो मोठा होऊनही मूलच राहिला. प्रभावळकरांचं काम अप्रतिम आहे. मानेचा कोन, हातांची चाल, शब्द तोंडात घोळवून बाहेर सोडण्याची पद्धत, सगळं अभ्यासानं आलेलं आहे.

पण त्या बोलण्याकडं कान देऊन पाहा. नंदू अडखळतो, बोबडं बोलतो, आणि तरी त्याचा प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला कळतो. कळायलाच हवा, नाहीतर सिनेमा चालणार कसा? प्रशिक्षित नट अस्पष्ट बोलण्याचा आभास करतो, अस्पष्ट बोलत नाही. यात त्याचा काही दोष नाही. परिणाम मात्र असा होतो की ऐकणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. कान लावायला नको, ‘पुन्हा सांग’ म्हणायला नको, आपण चुकीचं समजलो अशी लाज वाटायला नको. आपण फक्त रडायचं. सिनेमाहॉलमधून बाहेर पडताना आपल्याला वाटतं की आपण नंदूला ओळखलं. मग घरी दादा बोलतो आणि कळत नाही, तेव्हा वाटतं की दादाच्याच आत काही नसेल.

आणि नंदू भोया आहे. भोळा, निरागस, देवाचं लेकरू. गावानं दादाला दिलेलं नाव आणि मराठी सिनेमानं नंदूला दिलेला स्वभाव एकच आहे. भोळ्या माणसाला राग येतो तो लहान मुलासारखा आणि दुःख होतं ते तेवढ्यापुरतं. खोटं बोलणं, टोमणा मारणं, कुणाचा कंटाळा येणं हे त्याला परवडत नाही. दादा खोटं बोलतो. चहा पिऊन झाल्यावर नाही पिला म्हणून खूण करतो आणि दुसरा कप घेतो. मला तर त्याच्या या लबाडीत त्याच्या भाषेचा सगळ्यात भक्कम पुरावा दिसतो.

चमत्काराचा एक शब्द

उपचार दाखवणारे सिनेमे आहेतच की, असं कुणी म्हणेल. २०१०च्या ‘द किंग्ज स्पीच’मध्ये अडखळणारा राजा आहे आणि त्याचा थेरपिस्ट कथेच्या मध्यभागी आहे. २००५च्या ‘ब्लॅक’मध्ये अंध आणि बहिऱ्या मुलीला शिकवणारा शिक्षक आहे. पाण्याचा स्पर्श होतो आणि तिला शब्द सापडतो. दोन्ही सिनेमे सगळा जोर एका क्षणावर देतात. भाषण पार पडलं, शब्द फुटला, संगीत वाढलं, डोळे भरले.

खऱ्या कामात असा क्षण क्वचित येतो. कंटाळवाणं काम असतं ते. मुलासमोर दोन वस्तू धरायच्या, ‘दूध की पाणी?’ विचारायचं, आणि थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. मधे उत्तर सुचवायचं नाही. त्यानं नजर वळवली तरी ते उत्तर धरायचं. मग घरच्यांना तेच शिकवायचं, कारण थेरपिस्ट आठवड्यातून तासभर भेटणार आणि घर चोवीस तास. अनेकदा उपचार मुलावर कमी आणि आजूबाजूच्या माणसांवर जास्त असतो. कॅमेऱ्याला हे दाखवणं अवघड आहे हे मान्य. पण आपल्या सिनेमांत धाक घालणारा कोच आहे, जीव टाकणारी आई आहे, चित्रकलेचा देवदूत शिक्षक आहे. दहापर्यंत मोजणारा माणूस मात्र कथेच्या केंद्रात सापडत नाही.

चमत्काराची ही सवय घरांनाही लागते. ‘बोलेल ना हो?’ हा एकच प्रश्न घेऊन आईबाप दारोदार फिरतात. कुणी चित्रांचा तक्ता सुचवला की घाबरतात. चित्र दाखवायची सवय लागली तर पोरगं बोलणारच नाही, असं त्यांना वाटतं. आजवरच्या अभ्यासांत असं दिसलेलं नाही. खुणा आणि चित्रं वापरल्यानं बोलणं अडत नाही, उलट अनेकांना त्याचा आधारच होतो. बोलणं न आलेल्यांसाठी आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये ‘जेलो’ नावाचं मोफत चित्र-ॲप तयार झालं आहे आणि ते मराठीतही चालतं. ज्या फोनवर तुम्ही हा लेख वाचताय त्यावर ते उतरवता येतं. सिनेमातल्या चमत्काराची वाट पाहणाऱ्या घरात ते उतरत नाही, एवढीच अडचण.

अर्ध्या तासात कान तयार होतो

२०१४चा महेश लिमये यांचा ‘येलो’ इथं वेगळा ठरतो. डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या आयुष्यावरचा सिनेमा, आणि मोठी गौरी पडद्यावर स्वतः गौरीच. लहानपणीची भूमिका संजना राय हिनं केली आणि दोघींचाही राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. पहिल्यांदाच मराठी प्रेक्षकाला नटानं केलेला आवाज नव्हे, तर खराखुरा आवाज ऐकावा लागला. काही शब्द निसटतात, वाक्यं तुटतात. सिनेमा मात्र पटकन पाण्यात उतरतो. स्पर्धा, घड्याळ, पदक यांची भाषा सगळ्यांना कळते, म्हणून तिच्या बोलण्याच्या भाषेवर फार वेळ थांबावं लागत नाही. तरीही दार उघडलं ते या सिनेमानं.

‘सितारे ज़मीन पर’ त्या दारातून दहा जणांना घेऊन आत येतो. आर. एस. प्रसन्ना यांचं दिग्दर्शन, मूळ कथा ‘कॅम्पिओनेस’ या २०१८च्या स्पॅनिश सिनेमाची. शिक्षा म्हणून बास्केटबॉल शिकवायला आलेला उर्मट कोच आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांचा संघ. दहाही खेळाडू अशीच खरी माणसं आहेत. सिनेमावर आक्षेप घेता येतात. शेवटी प्रवास कोचचाच आहे, ही माणसं त्याला शहाणं करायला आलेली आहेत. उपदेश जास्त आहे, विनोद कधी कधी त्यांच्या वाटेनं न जाता त्यांच्यावरून जातो.

पण एक गोष्ट या सिनेमानं केली, आणि ती मला पोळ्याच्या दुपारी काकांच्या बोटात दिसली. सुरुवातीला काकांना एका खेळाडूचं बोलणं कळत नव्हतं, म्हणून त्यांनी सिनेमा मागं नेला. पुढं त्याच खेळाडूचं वाक्य आलं तेव्हा हात हललाही नाही. कळलं होतं. बोलणारा तोच, उच्चार तेच, बदलला होता तो काकांचा कान. वाचा उपचार करणारे हे रोज पाहतात. एकच वाक्य घरच्यांना कळतं आणि परक्याला कळत नाही. म्हणजे बोलणं स्पष्ट आहे की नाही, हे अर्धं बोलणाऱ्यावर आणि अर्धं ऐकणाऱ्यावर ठरतं.

आता प्रश्न असा, की दिल्लीतल्या पोराचं हिंदी काकांना अर्ध्या तासात कळायला लागलं, मग छत्तीस वर्षं घरात असलेल्या दादाचं का नाही? उत्तर सोपं आहे आणि बोचरं आहे. सिनेमासाठी शंभर रुपये भरले होते. त्यातलं प्रत्येक वाक्य महत्त्वाचं असणार असं आम्ही आधीच धरून चाललो होतो. दादाच्या वाक्याबद्दल आम्ही तसं कधी धरलंच नव्हतं.

पोयी आणि पोळी

आता तो ‘ळ’. दादा लहान असताना मोठे बाबा त्याला एसटीनं एका मोठ्या शहरात उपचाराला न्यायचे. तिथं चित्रांची कार्डं होती. पोळीचं कार्ड आलं की दादा म्हणायचा ‘पोयी’. वहीत फुली. डोळ्याला ‘डोया’, फुली. पाण्याला ‘पानी’, फुली. मोठ्या बाबांनी ती वही जपून ठेवली होती. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसावं की रडावं कळेना. कारण आमच्या घरात आजीपासून सगळे ‘पोयी’च म्हणतात. पोळ्याला ‘पोया’ म्हणतात, शाळेला ‘शाया’. आमचा पोरगा घरचं ऐकून घरासारखं बोलत होता, म्हणजे भाषा शिकण्याचं काम तो बरोबर करत होता. त्याला फुली मिळाली ती वऱ्हाडी असल्याची.

वेगळेपण आणि दोष यांत फरक करणं हा या विषयाचा पहिला धडा आहे. मूल ‘पोळी’ला ‘पोयी’ म्हणत असेल तर आधी त्याच्या आईला ‘पोळी’ म्हणायला सांगायचं. वाशिमसारख्या जिल्ह्यात तर हे फार महत्त्वाचं आहे. इथं वऱ्हाडी आहे, मानोऱ्याकडच्या तांड्यांवर बंजारा घरांची गोरमाटी आहे, कारंज्यात, मंगरूळपिरात उर्दू बोलणारी घरं आहेत. अशा घरांना अजूनही सल्ला मिळतो की ‘मुलाशी एकच भाषा बोला, शुद्ध मराठीत बोला’. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या अभ्यासांत दोन भाषांनी नुकसान होतं असं आढळलेलं नाही. नुकसान होतं ते आजीशी बोलायची भाषा काढून घेतल्यानं.

साहित्यात हा लढा आपण केव्हाच लढलो आहोत. उद्धव शेळके यांच्या १९६०च्या ‘धग’ कादंबरीतली कौतिक वऱ्हाडीत बोलते आणि त्या बोलीत उपास, अपमान, आजार, सगळं पेलते. पडद्यावर आणि टीव्हीवर वऱ्हाडी आली की मात्र आपल्याला आधी हसू येतं. बोबड्या बोलण्याचंही तसंच झालं आहे. ‘धग’नं वऱ्हाडीसाठी जे केलं ते अडखळत्या बोलण्यासाठी करणारी मराठी कलाकृती मला अजून भेटायची आहे. त्या बोलण्याला गोड न म्हणता त्याच्यावर दुःखाचं वजन टाकून पाहणारी.

बू

हे मी एका घरच्या गोष्टीमुळे म्हणते आहे.

आमची आजी दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात गेली. गाव तिला बुढी म्हणायचं, आम्हीही. दादा जन्मभर तिच्या खाटेशेजारी झोपला. ती गेली त्या दिवशी आम्ही दादाला आत्याच्या गावी पाठवून दिलं. ‘त्याला काय समजते,’ असं घरातले सगळे म्हणाले. पाच दिवसांनी तो परत आला तेव्हा खाट उचललेली होती.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी दाराशी उभा राहून ‘बू, बू’ म्हणायला लागला. आम्हाला वाटलं, बूट मागतोय, बाहेर जायचंय. बूट घालून काका त्याला चौकात नेत. तो बूट काढून फेकायचा. रडायचा. काही महिने हे चाललं. दादा चिडका झाला, आता वय झालं, असं आम्ही बोलू लागलो.

पुण्यात माझ्या ओळखीची एक थेरपिस्ट आहे, तिला मी हे सहज सांगितलं. दादाला आता सरकारी योजनेतून काही मिळणं अवघड होतं, कारण मुलांची तपासणी आणि उपचार करणारा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. भाषा मात्र अठराव्या वर्षी संपत नाही. ती म्हणाली, त्याच्याकडून काही वदवून घेऊ नका. त्याच्या आयुष्यातल्या वस्तूंचे आणि माणसांचे फोटो काढा, मोठे छापा, त्याच्या हातात द्या आणि गप्प बसा.

मी फोटो काढले. तुरीचं शेत, एसटी, चहाचा कप, बूट, घरातली सगळी माणसं. आजीचा एक जुना फोटो होता, तोही छापला. दादानं पानं उलटली. बुटाच्या फोटोवर थांबला नाही. आजीच्या फोटोवर बोट ठेवलं, आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “बू.”

बुढी.

मोठी आई त्याच्याजवळ बसली. “बुढी गेली, बाप्पा. आता येत नाई,” एवढंच म्हणाली. दादा बराच वेळ फोटोकडं पाहत राहिला. रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही ‘बू’ म्हणाला, पण दाराशी नाही, फोटोजवळ. मोठी आई मला म्हणाली, “त्याले सारं समजते. आपल्यालेच त्याचं समजत नाई.”

मोठ्या आईच्या या वाक्यातून मला एक कसोटी मिळाली आहे. यापुढं असा कुठलाही सिनेमा, नाटक, कथा समोर आली की मी अभिनय किती हुबेहूब आहे हे नंतर पाहीन. आधी मोजेन, हे पात्र बोलायला लागल्यावर कॅमेरा किती वेळ थांबतो. त्याचं बोलणं कुणाला तरी चुकीचं समजतं का? त्या चुकीची किंमत कुणी मोजतं का? त्याला घरातला मृत्यू कुणी सांगतं का? त्याला नकार देता येतो का, खोटं बोलता येतं का? की तो फक्त गोड आहे?

पोळ्याच्या त्या संध्याकाळी बैल तोरणाखालून गेले. परत आल्यावर मी दादाला विचारलं, “दुपारी काय म्हणत होतास?” तो माझ्याकडं पाहत राहिला. मी मनात मोजायला लागले. सातवर आले असेन, तेव्हा त्यानं माझा फोन उचलला, काळ्या काचेवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं.

मी बरोबर समजले की नाही, ते मला ठाऊक नाही. मी त्याला पुन्हा विचारलं.